दुसरी सनद

तिरोड्याच्या कोर्टात इंद्रकुमार कटरेला 'लंडनवाले वकील' हे नाव पडलं ते चेष्टेनंच, पण सुरुवातीला त्याला ते आवडायचं. वकिलांच्या बाररूममध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत तो इंग्लंडच्या कायद्याचं जाडजूड पुस्तक उघडून बसायचा आणि पुकारा झाला की त्यात पेन्सिल घालून, काळा कोट सावरत कोर्टात पळायचा. तिथे शेताच्या धुऱ्याचं भांडण, पोटगी, न वटलेला चेक, ट्रकनं उडवलेला सायकलवाला. साक्ष आटोपून परत आला की पुन्हा ते पुस्तक.

"क्या वकीलसाब, कब उड रहे हो?" कोणीतरी रोज विचारायचंच.

"परीक्षा होऊ द्या," तो म्हणायचा.

इथली सनद त्याच्याकडे होतीच. कॉलेज संपल्यावर दिलेली बार कौन्सिलची परीक्षा त्याला सोपी गेली होती, कारण तेव्हा पुस्तकं समोर ठेवून लिहायची मुभा होती. ही दुसरी, इंग्लंडची, तशी नव्हती. संगणकासमोर बसायचं, प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरं, आणि पाचही थोडी थोडी बरोबर वाटायची. तो टप्पा पार झाला तर पुढचा, आणि त्यातला तोंडी भाग द्यायला इंग्लंडलाच जावं लागे. एवढं झालं की तिथली सनद.

या सगळ्याला सुरुवात झाली होती दामिनीमुळे. दामिनी त्याची बायको. गोंदियाच्या एका दवाखान्यात ती नर्स होती, रोज गाडीनं जाऊन-येऊन करायची. गाडीतच तिनं इंग्रजीचा अभ्यास केला, परीक्षा दिली, आणि एक दिवस तिला इंग्लंडमधल्या लीड्स नावाच्या शहरातल्या हॉस्पिटलात नोकरी लागली. घरात पेढे वाटले गेले. तेव्हा असं ठरलं होतं की दामिनीनं आधी जायचं, आणि वर्षभरात इंद्रकुमार आणि रिंकूनं तिच्या मागे. रिंकू त्यांची मुलगी, तेव्हा चार वर्षांची होती.

वर्षानं दामिनी रिंकूला न्यायला आली. नवऱ्याचेही कागद होण्यासारखे होते. नर्सच्या नवऱ्याला तिथे राहायची परवानगी मिळत होती.

"तुम्ही पण चला ना," ती म्हणाली. "अभ्यास तिथं येऊन करा."

"आणि तोवर का करू? खोके उचलू?"

बारमधल्या एका वकिलाचा मेहुणा चांगला शिकलेला इंजिनीअर होता आणि तिकडे एका गोदामात खोके चढवत होता. ती गोष्ट इंद्रकुमारच्या डोक्यातून जात नव्हती.

"उचलले थोडे दिवस तर का होते? मीसुद्धा पहिल्या महिन्यात बाथरूममध्ये जाऊन रडून येत होती. मग जमलं."

"तुझी गोष्ट वेगळी. तू नर्स म्हणून गेली, नर्सच राहिली. मी वकील आहो, दामिनी. येईन तर वकील म्हणूनच येईन. एक वर्ष दे मला."

तिनं ते वर्ष दिलं. रिंकूला घेऊन ती गेली. नागपूरच्या विमानतळावर रिंकू काचेपलीकडून हात हलवत होती, आणि इंद्रकुमार तिला बोटानं दाखवत होता की लवकरच, लवकरच.

मग तो खरोखर अभ्यासाला लागला. पहाटे उठायचा, आई सुशिलाबाई उठायच्या आधी चहा करून घ्यायचा, आणि आंघोळीला पाणी तापेपर्यंत विश्वस्त-संस्थांचा कायदा वाचायचा. वडील वारल्यापासून सुशिलाबाई त्याच्याजवळच राहत होती. बोदलकस्याच्या तलावाकडच्या गावातली धानाची शेती बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दिली होती. मुलगा पाठ करताना ओठ हलवतो ते ती दारातून पाहायची.

"कायले एवढं वाचून राहिला रे? एकदा वकील झाला ना तू?"

"इथला झालो, आई. तिथला व्हायचा आहे."

"वकील तं वकीलच रायते बापा. तिथं का माणसं दुसऱ्या रीतीनं भांडतेत?"

तो हसला होता. हे त्यानं दामिनीला फोनवर सांगितलं, तीही हसली. तेव्हा ते अजून एकमेकांना दिवसभरातलं सगळं सांगत असत.

पहिल्या वेळी तो नापास झाला. हैदराबादला जाऊन दोन दिवस पेपर दिले. पहिला निघाला, दुसरा थोडक्यात राहिला. निकाल कळल्यावर दामिनी म्हणाली, "जाऊ द्या. तुम्ही निघून या. नापास झाले तर झाले. मला काही फरक नाही पडत."

"मला पडते."

"अहो, रिंकू रोज विचारते."

"एक वेळ अजून. आता कळलं आहे मला कसे प्रश्न येतात ते."

ती बरं म्हणाली. नंतर त्याला पुष्कळदा वाटलं की तिनं त्या दिवशी भांडायला हवं होतं. ती भांडली नाही. फोन चालू राहिले, पण हळूहळू त्यात हवा, जेवण आणि रिंकूची शाळा एवढंच उरलं. रिंकू कधी कधी स्क्रीनवर यायची, 'हाय पप्पा' म्हणायची आणि दात पडल्याची जागा दाखवून पळून जायची. दामिनीच्या ड्यूट्या वाढल्या, त्याच्या तारखा वाढल्या. दुसऱ्या परीक्षेचा दिवस जानेवारीत ठरला, आणि त्याच्या आधीच्या डिसेंबरात, नाताळच्या सुटीत, दामिनी रिंकूला घेऊन तिरोड्याला आली.

घर पुन्हा भरल्यासारखं झालं. रिंकू आजीच्या मागे मागे फिरायची, आजीचं बोलणं तिला अर्धं कळायचं, आणि सुशिलाबाईला तिचं तेवढंही कळत नव्हतं, तरी दोघींचं चांगलं चाललं होतं. दामिनी सकाळी अंगणात उन्हात बसून आईला तांदूळ निवडू लागायची. इंद्रकुमारनं पुस्तकं आवरून ठेवली. पण दामिनीनंच ती परत टेबलावर आणून ठेवली. "वाचा तुम्ही. आमच्यामुळे खोळंबा नको." तिचा आवाज चांगला होता. पाहुणी बाई बोलते तसा होता.

एका दुपारी ती म्हणाली, "बोदलकस्याला जाऊन येऊ. आपण दोघंच."

मोटरसायकलवरून ते गेले. धान कापून झाला होता, बांध्यांमध्ये पिवळी खोडं उरली होती. जलाशयावर गर्दी नव्हती. लांब एका डोंग्यातून कोणी जाळं ओढत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा ते इथे आले होते तेव्हा दामिनी चप्पल हातात घेऊन पाण्यात उतरली होती. या वेळी ती काठावरच्या दगडावर बसली आणि शाल नीट केली.

"मला तुम्हाला काही सांगायचं आहे. फोनवर नाही सांगता आलं."

तो तिच्याशेजारी बसला.

"आपण वेगळं होऊ."

त्यानं पहिला प्रश्न तोच विचारला जो त्यानं उलटतपासणीत विचारला असता. "दुसरं कोणी आहे का?"

"नाही." तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "असतं तर तुम्हाला समजावणं सोपं गेलं असतं."

"मग काऊन?"

ती पाण्याकडे पाहत राहिली.

"रिंकूला कांजिण्या झाल्या होत्या, आठवते? मला सुटी मिळत नव्हती. शेजारची बाई तिच्याजवळ बसली. मी सकाळी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणाले, पेपर तोंडावर आला आहे, संध्याकाळी बोलतो."

"केला होता मी संध्याकाळी फोन."

"केला होता. मी नाही कुठं म्हणते? पण सकाळ तर मी एकटीनं काढली होती ना. तशा पुष्कळ सकाळी काढल्या. पहिले खूप राग यायचा. मग राग यायचा बंद झाला. मला वाटलं, चला, बरं झालं. ते काही बरं नव्हतं, हे मला उशिरा कळलं."

"जानेवारीत परीक्षा आहे. या वेळी निघून जाईल. मग मी..."

"निघेल. तुम्ही पास होणारच." तिनं त्याच्या हातावर हळूच हात ठेवला. पेशंटच्या नातेवाइकांना काही सांगायचं असलं की ती असाच हात ठेवत असेल. "मला आता सवय झाली आहे हो. मी, रिंकू, माझी ड्यूटी. त्या घरात तुम्ही कुठं बसाल, कुठं झोपाल, हे मी आधी रोज ठरवत होती. आता डोळे मिटून पाहते तर तुम्ही दिसतच नाही. मी का करू?"

"मी नाही आलो ते तुझ्यावर प्रेम नव्हतं म्हणून नाही."

"माहीत आहे मला. तेच तर वाईट आहे."

डोंगा काठाला लागला. मासेमारानं यांना पाहून मासोळ्या पाहिजे का म्हणून हाक दिली. दामिनीनं नको म्हणून हात हलवला. येताना ती मागच्या सीटवर कडी धरून बसली. पूर्वी ती त्याच्या खांद्याला धरायची.

तिची एकच विनंती होती. अर्ज त्यानंच लिहायचा. "कोणा परक्या वकिलासमोर बसून मला हे सगळं नाही सांगायचं. तुम्हाला सगळं माहीतच आहे."

परस्पर संमतीच्या घटस्फोटाचे असे अर्ज इंद्रकुमारनं कित्येक लिहिले होते. साचा कॉम्प्युटरमध्ये तयार असायचा, नावं बदलली की झालं. त्यात एक ठरलेलं वाक्य होतं की उभयतांचे स्वभाव जुळत नसल्याने वारंवार खटके उडू लागले. ते त्यानं खोडलं. स्वभाव जुळत होते, आणि खटका एकसुद्धा उडाला नव्हता. त्या जागी काय लिहावं हे त्याला सुचेना. शेवटी त्यानं लिहिलं, 'उभयता दीर्घ काळ वेगळे राहत असून यापुढे एकत्र राहणे शक्य नाही,' आणि तो पुढच्या कलमावर आला.

"रिंकूचं काय लिहू?" त्यानं विचारलं. दामिनी समोर बसली होती. बाहेर अंगणात रिंकू आणि आजी काहीतरी खेळत होत्या.

"माझ्याजवळ राहील. तुम्ही कधीही भेटा."

"'कधीही' असं लिहून नाही चालत. उद्या भांडण झालं तर त्याचा अर्थ लागत नाही."

"आपलं भांडण होणार आहे का?"

"होत नाही. पण लिहायची रीत आहे. दिवस लिहावे लागते, सुट्या लिहाव्या लागते."

"मग लिहा ना, शाळेच्या सगळ्या सुट्या. आणि रोज फोन." ती टेबलावर पुढे झुकली. "रोज लिहा. मी कधी अडवणार नाही, हेसुद्धा लिहा."

त्यानं लिहिलं. शेवटचं वाक्य कायद्याच्या भाषेत बसत नव्हतं, तरी तसंच ठेवलं. मग दोघंही रडले, टेबलाच्या दोन बाजूंना, आवाज न करता, कारण पोर बाहेर होती.

नाताळच्या सुटीनंतर कोर्ट उघडलं त्या दिवशी ते गोंदियाला गेले. बारमधले ज्येष्ठ वकील मनिराम टेंभरे त्यांच्या वतीनं उभे राहिले. सही करायच्या आधी ते दामिनीला म्हणाले, "बाई, एक वेळ अजून विचार करा." मग इंद्रकुमारकडे वळून, "आणि तुम्ही तरी." दोघांनी सह्या केल्या. पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची होती.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी गेल्या. निघताना सुशिलाबाई दामिनीच्या पुढ्यात उभी राहिली. "का वं बाई, आमच्या इंद्रात का खोट होती?"

"खोट नाही, आई," दामिनी म्हणाली आणि वाकून पाया पडली. सुशिलाबाईनं तिला उठवून पोटाशी धरलं, आणि सोडायचं मात्र तिला जमेना. शेवटी इंद्रकुमारनं आईचे हात सोडवले.

त्या संध्याकाळी आई चुलीजवळ बसून म्हणाली, "तू काऊन नाई गेला रे तिच्यासंगं?"

"तुझ्याजवळ कोण राहिलं असतं?"

"माह्या नावावर नोको टाकू. मी कधी म्हणली का तुले, राय म्हणून? बहिणीकडं राहिली असती मी. नाईतं एकटी राहिली असती. बाया रायतेत एकट्या."

त्यानं ताट पुढे ओढलं, पण खाल्लं नाही.

परीक्षेला जायचं नाही असं त्याला दोनदा वाटलं, आणि तरीही तो गेला, कारण न जाऊन त्या दिवसांचं करायचं काय हेही त्याला माहीत नव्हतं. हैदराबादच्या त्या थंड खोलीत, एवढी वर्षं ज्या परीक्षेची भीती घेतली ती देताना त्याला या वेळी कसलीच भीती वाटली नाही. प्रश्न वाचायचा, उत्तर निवडायचं, पुढे जायचं. कुटुंब-कायदा त्या परीक्षेत नव्हताच. पण वारसाहक्काचा एक प्रश्न आला: एक बाई मृत्युपत्र न करता वारली, नवरा वेगळा राहतो, घटस्फोटाचा अर्ज दिला आहे, निकाल झालेला नाही, तिचं घर आणि सामान कोणाला जाईल? इंद्रकुमारनं तो प्रश्न पुन्हा वाचला. उत्तर त्याला येत होतं. निकाल होईपर्यंत तो नवराच असतो. त्यानं ते उत्तर निवडलं आणि डोळे पुसले. खोलीतली देखरेखीची बाई जवळ येऊन विचारून गेली की तब्येत ठीक आहे ना.

निकाल मार्चमध्ये आला. तो कोर्टाच्या व्हरांड्यात होता, वाटणीच्या दाव्यातला त्याचा म्हातारा पक्षकार बकाराम शेजारी बसलेला. मोबाईलवर ईमेल उघडून त्यानं दोनदा वाचला. पास. बातमी बाररूममध्ये कशी गेली कोण जाणे, पण जेवणाच्या सुटीपर्यंत सगळे पेढे मागायला लागले. "अरे, अब तो बस व्हिसा और टिकट!" कोणीतरी पाठीवर थाप मारली. मनिराम टेंभरेंनी तेवढे पेढे मागितले नाहीत.

बकारामचं तोंड उतरलं. "वकीलसाब, मंग माही केस कोण पाहील?"

"मीच पाहीन."

"तुमी तं जाऊन राहिले ना?"

"कुठं नाही जाऊन राहिलो, बाबा. बसा."

त्यानं दामिनीला एवढंच लिहून पाठवलं: पास झालो. उत्तर पटकन आलं. 'मला माहीत होतं. खूप आनंद झाला. रिंकूला सांगते.' तो ते दिवसभर काढून काढून वाचत होता. त्यात त्याला काहीतरी आणखी सापडेल असं वाटत होतं, पण दामिनीला जेवढं म्हणायचं होतं तेवढंच तिनं लिहिलं होतं.

जुलैत शेवटची तारीख लागली. दामिनीला तिथूनच व्हिडिओवर हजर राहायची परवानगी मिळाली होती. गोंदियाच्या कोर्टात भिंतीवरच्या पडद्यावर ती दिसली. तिकडे सकाळ होती. तिनं केस बांधले होते, ड्यूटीला निघायच्या आधी बांधायची तसे. जज्जसाहेबांनी विचारलं, कोणाच्या दबावाखाली नाही ना? पडद्यावरून उत्तर आलं, "नाही." मग त्यांनी इंद्रकुमारकडे पाहिलं. या कोर्टात तो हजारदा बोलला असेल. "नाही, साहेब," एवढंच तो आज म्हणाला.

हुकूम झाला. पुढचं प्रकरण पुकारलं गेलं, तेव्हा पडद्यावर दामिनी अजून होती. तिचे ओठ हलले. त्याच्याकडे पाहूनच ती काहीतरी म्हणाली, पण तिकडचा आवाज बंद केलेला होता, आणि दुसऱ्याच क्षणी कोर्टाच्या बाबूनं जोडणी तोडली.

कोर्टाबाहेर येऊन त्यानं तिला फोन लावला. रोज फोन करायचा, असं त्यानंच अर्जात लिहिलं होतं. पण ते रिंकूसाठी होतं.

"काय म्हणत होती? ऐकू नाही आलं."

"काही नाही." ती नाक ओढत होती. "तिकडं पाऊस आहे का, असं विचारलं."

"आहे. धानाची रोवणी सुरू आहे सगळीकडे."

"चांगला आहे ना?"

"चांगला आहे."

दोघंही फोन ठेवत नव्हते. शेवटी तिकडे कोणीतरी तिला हाक मारली आणि ती "जाते" म्हणाली.

दुसऱ्या टप्प्याची परीक्षा शिल्लक होती. मनिराम टेंभरेंनी त्याला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "आता कायले देता? झालं ना सगळं." तो म्हणाला, तोंडी परीक्षा तिकडेच होते, त्या निमित्तानं भेटीचा व्हिसा मिळतो, आणि रिंकू भेटेल. टेंभरेंनी त्याचा खांदा दाबला आणि ते निघून गेले. पुस्तकं पुन्हा बाररूममध्ये आली. लंडनवाले वकील असं आता कोणी म्हणत नव्हतं.

व्हिसा आला त्या रविवारी त्यानं रिंकूला फोन केला. ती आता सात वर्षांची होती, आणि मराठी बोलताना मध्येच थांबून शब्द शोधायची.

"पप्पा, तू खरंच येणार?"

"खरंच. पुढच्या महिन्यात."

"किती दिवस राहणार?"

"परीक्षा होईपर्यंत. मग थोडे दिवस तुझ्यासंग."

"आमच्या घरी झोपणार?"

"नाही बेटा. जवळच एक हॉटेल आहे. सकाळी तुला न्यायला येईन, संध्याकाळी मम्मीजवळ पोहोचवून देईन."

"ओके." तिनं विचार केला. तिला ते सगळं ठीक वाटलं. "आणि मग तू तुझ्या घरी जाशील?"

"हो," तो म्हणाला. "मग मी माझ्या घरी जाईन."

"ओके पप्पा, बाय," म्हणून ती उठली. फोन तिनं कुठंतरी टेकवून ठेवला होता, तो बंद करायचा राहिला. रिकामी खुर्ची दिसत राहिली. आतून भांड्यांचा आवाज आला, दामिनी काहीतरी बोलली, रिंकू इंग्रजीत उत्तर देऊन हसली. इंद्रकुमारनं ते थोडा वेळ ऐकलं, मग स्वतःच फोन बंद केला.

सुशिलाबाई दारात उभी होती. "का म्हणली पोरगी?"

"वाट पाहून राहिली म्हणते."

"पाहीलच ना. बाप होस तू तिचा," म्हणत ती आत गेली, आणि पोरीसाठी काय काय बांधून द्यायचं, ते मोठ्यानं ठरवायला लागली. तिकडे नेऊ देतात की नाही, हे ती मधून मधून विचारत होती. तो बसल्या जागेवरूनच हो, नाही म्हणत राहिला.